मैनेचं नाक

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि त्याला तर मी सगळं सांगते — त्याला ऐकायचं नसतं तेव्हासुद्धा. मग तुम्हालाच का सांगतेय? खरं सांगू? तुम्ही दादांना ओळखत नाही म्हणून. ओळखत असतात तर मी गप्प बसले असते. इतकी वर्षं बसलेच आहे की.

पण आधी बंदुकीबद्दल. थांबा, दचकू नका. आम्ही राहतो सिंगापुरात, बुओना व्हिस्टाला, आणि इथं घरात बंदूक म्हणजे — नावच काढू नका. माझी बंदूक असते ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियामधल्या एका शेतावर, मालकाच्या पोलादी कपाटात कुलूपबंद. तिथं हंगामात रीतसर परवाना काढून लावऱ्यांची शिकार करता येते. लावरी म्हणजे बटेर म्हणतात ना, ते — मुठीत मावेल एवढं पाखरू. कापलेल्या गव्हाच्या रानातून भुर्रकन उठतं आणि जमिनीलगत असं सुटतं की नवखा माणूस बंदूक खांद्याला लावेपर्यंत ते बांधापलीकडे पोचलेलं असतं.

तर माझी बंदूक अठ्ठावीस बोअरची. दुनळी, जुनी, वजनाला हलकी. बाकी सगळे बारा बोअर घेऊन येतात. हे आकडे उलटे असतात बरं का — आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. माझं काडतूस जेमतेम करंगळीएवढं, त्यात छर्रे कमी. त्यामुळे अंदाजपंचे मारून भागत नाही. बारा बोअरवाल्याचा नेम थोडा इकडेतिकडे झाला तरी एखाददुसरा छर्रा त्याची लाज राखतो. माझी कोण राखणार? म्हणून ही बंदूक फार कुणी घेत नाही. आणि म्हणूनच मी घेतली.

मी उत्तम नेमबाज आहे. हे मी सांगितलं नाही तर कोण सांगणार? खोटा विनय मला जमत नाही, दुसऱ्यात दिसला तरी माझं डोकं उठतं. बँकेतसुद्धा माझी तीच ख्याती — मृणालिनीबाईंना विचारा, त्या आहे ते तोंडावर सांगतील. जोखीम तपासणं हेच माझं काम, आणि मोठमोठ्या लोकांना 'हे जमणार नाही' म्हणताना माझा आवाज कधी कापला नाही. हे लक्षात ठेवा. पुढे याचंच मला हसू येणार आहे — हसू म्हणजे, तुम्हाला कळेल.

माझ्या लेकीला ही शिकार अजिबात पसंत नाही. "आई, सो क्रूएल लाह!" म्हणते आणि खाली हॉकर सेंटरला जाऊन चिकन राइस हाणते. नवरा शुद्ध शाकाहारी. मी परत आल्यावर तो फक्त एवढंच विचारतो, "हात धुतलेस ना नीट?" दोघांशीही मी वाद घालत नाही. मारायचं ते खायचं, आणि जखमी करून सोडायचं नाही, हे मला दादांनी शिकवलं आणि मला ते पटलं. विषय संपला.

दादा म्हणजे शिर्के दादा. मी नव्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, इथं आले तेव्हाचे माझे पहिले साहेब. मूळचे कोल्हापूरचे, आता इथले नागरिक. आमच्याच कॉन्डोत, आमच्यावर तीन मजले राहतात. वहिनी होत्या तेव्हा त्यांनीच मला 'साहेब' म्हणायचं सोडायला लावलं — "अगं, घरी कसले साहेब, दादा म्हण," — आणि मग ते दादाच झाले. इथल्या क्लबात हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्यांवर त्यांनीच मला हात धरून बंदूक शिकवली. पहिल्या दिवशी मी उडवलेली चकती बघून ते एवढंच म्हणाले होते, "पोरी, तुला वेळ लागायचा नाही." माझ्या वडिलांनी माझं एवढं कौतुक उभ्या जन्मात केलं नाही.

निवृत्त झाल्यावर दादा वर्षातले कित्येक महिने व्हिक्टोरियात, त्या ग्रेगच्या शेतावर काढायचे. ग्रेग म्हणजे शेताचा मालक, दादांचा जुना दोस्त. आणि तिथं दादांनी पिल्लापासून वाढवली होती मैना. पॉइंटर जातीची कुत्री, पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके. पाखरं धरणाऱ्या कुत्रीला पाखराचं नाव, हा दादांचा विनोद. तिच्याइतकं नाक मी दुसऱ्या कुठल्या कुत्र्याचं पाहिलं नाही. वारा तोंडावर घेऊन धावत यायची आणि मध्येच थांबायची. पुढचा एक पाय वर, शेपटी ताठ, नाक एकाच दिशेला. म्हणजे तिथं लावरी असणार. असायचीच. दादा म्हणायचे, माझे डोळे गेले तरी चालेल, हिचं नाक आहे ना!

आता तिथली एक रीत सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ज्यानं बार टाकला त्यानं लगेच, मोठ्यानं ओरडून सांगायचं. 'पडली' म्हणजे मेली, कुत्रं जाऊन घेऊन येतं. 'चुकली' म्हणजे छर्राच लागला नाही, चला पुढे. आणि 'लागली' म्हणजे जखमी होऊन कुठेतरी उतरली. मग सगळ्यांनी बंदुका रिकाम्या करायच्या आणि ती सापडेपर्यंत शोधायची. दिवस मावळला तरी. उन्हात, धुळीत बाकीच्यांना सगळं दिसतंच असं नाही, म्हणून ज्यानं बार टाकला त्याचा शब्द अखेरचा. कुणी त्यावर शंका घेत नाही. घ्यायचीच नसते.

आणि ग्रेग माझ्या बंदुकीला 'पेन्सिल' म्हणायचा. त्याचं म्हणणं, एवढ्याशा छर्ऱ्यांनी पाखरू मरत नाही, नुसतं लुळं होतं. ही बंदूक म्हणजे बाईसाहेबांची हौस आणि पाखरांचे हाल. एकदा जेवताना तो असंच काही बोलला आणि माझं टाळकंच सटकलं. मी चमचा खाली ठेवला आणि म्हटलं — माझ्या हातून जखमी होऊन राहिलेली एक लावरी दाखव, त्या दिवशी ही बंदूक तुझ्या कपाटात कायमची ठेवीन आणि तुझी बारा बोअर उचलीन. दादांनी टाळी वाजवली. "दाखव की आता, दाखव!" पांढरा रस्सा वाढता वाढता ते हसत होते. त्यांना माझा किती अभिमान वाटत होता! आणि मी बोलले ते खरंच होतं हो. तोवर एकही नव्हती. कित्येक हंगाम झाले होते, एकही नव्हती.

बघा, अजून मी मुद्द्यावर येत नाहीये. येते.

त्या वर्षीचा आमचा शेवटचा दिवस. दुपार कलली होती, वारा सुटला होता. सकाळी मैनेनं एकदा चंडोलावर धरलं होतं — लावरी समजून भलत्याच पाखरापुढे उभी राहिली होती. होतं असं, चांगल्या चांगल्या कुत्र्यांचं होतं. पण दादांनी ते मनाला लावून घेतलं होतं. आता दुपारी तिनं पुन्हा धरलं, पाय वर, शेपटी ताठ. मी पुढे गेले. लावरी उठली ती वारा पाठीशी घेऊन, डावीकडे. मला उशीर झाला. लांब गेली होती, माझ्या बंदुकीच्या टप्प्याबाहेर. हे मला तेव्हाच कळलं होतं. सोडून द्यायला हवी होती. पण ग्रेग बघत होता ना! मी बार टाकला.

हवेत ती लावरी हलली. दोन-तीन पिसं उडाली, एक पाय लोंबायला लागला, आणि ती तिरकी होत होत पुढच्या कोरड्या चराकाठच्या काटेरी झुडपांत उतरली. दादा आणि ग्रेग माझ्या उजवीकडे होते, त्यांच्या तोंडावर ऊन होतं. मी एकटीनं पाहिलं. अगदी स्पष्ट पाहिलं.

आणि मी ओरडले — "चुकली!"

आता तुम्हीच सांगा, 'माझा नेम चुकला' असं कुणी खोटं सांगतं का? लोक न मारलेली पाखरं मारली म्हणून सांगतात. मी उलटं केलं. म्हणून तर कुणाच्या मनात शंकाही आली नाही. ग्रेग हसला, म्हणाला, पेन्सिलीचं टोक मोडलं वाटतं. मला ते चाललं. चुकणं मला परवडत होतं. जखमी करणं परवडत नव्हतं. हा हिशेब माझ्या डोक्यात किती पटकन झाला याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

फक्त मैनेला ते कुणी सांगितलं नव्हतं. ती सरळ त्या चराकडे गेली आणि झुडपांसमोर उभी राहिली. पाय वर. शेपटी ताठ. दादांनी शीळ घातली. ती हलली नाही. पुन्हा घातली. तिनं मान वळवून एकदा दादांकडे पाहिलं आणि परत झुडपांकडे तोंड केलं. तोवर तिनं दादांची शीळ कधी मोडली नव्हती.

दादा माझ्याजवळ आले. हळू आवाजात, ग्रेगला ऐकू जाणार नाही असं विचारलं — "मृणाल, नक्की ना? पीसबीस काही उडालं का?"

त्यांनी मला वाट काढून दिली होती, कळतंय ना तुम्हाला? तिथंच, दोघांतच, मी 'दादा, लागली असेल बहुतेक' म्हटलं असतं तर झालं असतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही दादा. काही नाही. साफ चुकली."

"बरं," म्हणाले. माझा शब्द ना! ते चरापर्यंत गेले, मैनेच्या गळ्यात दोरी घातली आणि तिला ओढत परत आणलं. "चल बये, काही नाही तिथं. काही नाही." ती मागं मागं बघत होती. तरीही मी बंदुकीत नवी काडतुसं भरली आणि पुढे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे, बाकीचे उठायच्या आत, मी एकटी त्या चराकडे गेले. का गेले? मला वाटत होतं, मिळू नये. तिथं काही नसावं, म्हणजे निदान ती उडून गेली असं मानता येईल. पण मैना तोंड करून उभी होती त्याच जागी, हातभर आत, ती होती. मेलेली, दवानं भिजलेली. पाय पोटाशी घेतलेला. किती वेळ जिवंत होती कोण जाणे. मी ती कोटाच्या खिशात घातली.

घरात आले तर दादा आणि ग्रेग चहा पीत बसले होते. दादा रात्रभर झोपले नव्हते हे दिसत होतं. म्हणाले, मैनेचं नाक गेलं. सकाळी चंडोल, दुपारी काहीच नसलेल्या झुडपापुढे उभी राहिली, वर शीळही ऐकेना. सात वर्षांची आहे, पण काही काही कुत्र्यांचं लवकर जातं. ग्रेग मान हलवत होता. त्याच्या शेतावर कुत्रं काम करतं तोवर राहतं, आणि त्यात त्याचं काही चूक नाही, शेत आहे ते. दादा म्हणाले, मी हिला सिंगापूरला घेऊन जातो. आणि मग, कपात बघत — "मी दुसऱ्या कुत्र्यामागून चालायचो नाही. माझंही झालं आता."

लावरी माझ्या खिशात होती. हात घातला तर बोटांना पिसं लागत होती. ती टेबलावर ठेवायची, बस्स. काय झालं असतं? ग्रेग हसला असता. मला बारा बोअर उचलावी लागली असती. एवढंच. खरंच एवढंच झालं असतं, आणि मैनेला तिचं नाक परत मिळालं असतं, दादांना त्यांची शिकार.

मी टोस्टला लोणी लावलं.

नंतर ती लावरी मी शेततळ्यात फेकून दिली. मारायचं ते खायचं, हा नियमही त्याच दिवशी मोडला. परतीच्या विमानात दादा माझ्या शेजारी बसले होते. माझा हात थोपटून म्हणाले, तू खरं बोललीस म्हणून कळलं गं, नाहीतर मी त्या बिचारीला उगाच राबवत राहिलो असतो. मी खिडकीतून ढग बघत बसले. मला रडू येत होतं आणि ते मी येऊ दिलं नाही. एवढा ताबा माझ्याकडे नेहमीच असतो.

काही आठवड्यांनी कागदपत्रं होऊन मैना आली. एचडीबीच्या सरकारी फ्लॅटमध्ये एवढं मोठं कुत्रं चालत नाही, खासगी कॉन्डोत चालतं. मैलभर रान तुडवणारी कुत्री लिफ्टनं खालीवर जायला लागली. लिफ्टमध्ये मी भेटले की शेपटी हलवते. तिच्या मनात माझ्याबद्दल काही नाही.

मी? मी अजूनही जाते दर वर्षी. अठ्ठावीस बोअरच घेऊन रानात उतरते. त्यानंतर एकही जखमी सोडली नाही, आणि खरं सांगते, मी पूर्वीपेक्षाही चांगली मारते. लांबची सोडून देते. ग्रेग आता पेन्सिल म्हणत नाही. मागच्या वर्षी त्यानं स्वतःच्या सुनेला माझ्यासारखीच बंदूक घेऊन दिली. अभिमान वाटतो का? वाटतो. लपवू कशाला? एवढं सगळं सांगितल्यावर हे तरी खरं सांगते.

रविवारी दादांकडे जेवायला माणसं असतात. पुण्यामुंबईची नवी मुलं, बँकेतली, आयटीतली. दादा त्यांना माझी ओळख करून देतात — हिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नेम चुकला तर चुकला म्हणणारी बाई आहे ही. मी हसते, सोलकढी वाढून घेते. मैना टेबलाखाली झोपलेली असते.

आता शेवटचं. हे मला कुणालाच सांगायचं नव्हतं.

आमच्याजवळून जुन्या रेल्वेमार्गाची हिरवी वाट जाते, दोन्ही बाजूंना उंच गवत. दादा तिला रोज तिथं फिरवतात. सुरुवातीला ती सारखी थांबायची — पाय वर, शेपटी ताठ. गवतात पाणकोंबड्या असतात, रानकोंबडे असतात, क्वचित लावरीसारखं एखादं पाखरूही. पण दादांना वाटायचं, हिला भास होतात. ते प्रेमानं दोरी ओढायचे. "काही नाही गं तिथं. चल." रोज. दर वेळी. मी कितीदा बरोबर होते. कितीदा मला गवतात पाखरू दिसलंही. मी तोंड उघडलं नाही.

गेल्या महिन्यात दादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मैनेला मी फिरवते. परवा संध्याकाळी त्या वाटेवर ती अचानक थांबली. नाक वर केलं. पुढचा पाय उचलला — अर्धाच. आणि मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गवतात दोन हातांवर एक चिमुकलं तपकिरी पाखरू दबा धरून बसलं होतं. मला दिसत होतं. मैना माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही, दोरीही ओढली नाही. तिनं आपणहून पाय खाली ठेवला आणि चालायला लागली.

तिथं कोणी नव्हतं हो. ग्रेग नव्हता, दादा नव्हते, माझी शान राखायला समोर एक माणूस नव्हता. 'शाबास, मैना' — एवढंच म्हणायचं होतं.

घरी आणून सोडली तेव्हा दादा आरामखुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर. विचारलं, "काही त्रास दिला का गं? थांबली का कुठं?"

"नाही दादा," मी म्हटलं. "शहाण्यासारखी चालली."